कमी लोण्याचं शनिवारचं

बुधवार, ६ मार्च

वन्सं,

नमस्कार धरून चाला. तुमचा ट्रे परत पाठवते आहे, घासूनपुसून. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी स्वतःच वाचा. ट्रेची ने-आण करणाऱ्या बसवाल्याकडून वाचून घेऊ नका, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

ट्रे कुठे सापडला ते तुम्हाला ठाऊकच आहे. हे क्रेन चालवायचे त्या यार्डाच्या फाटकावर, रखवालदाराच्या केबिनमध्ये, हीटरच्या मागे, फडक्यात गुंडाळलेला. मला संशय आला तो तुमच्या भावाच्या शर्टावरून. मी दिवसभर हॉटेलच्या लाँड्रीत चादरी आणि टेबलावरची कापडं दाबते, लोण्याचा डाग मला लांबून कळतो. हे दवाखान्यातून घरी आल्यापासून आमच्या दारातून लोणी आत आलेलं नाही, आणि खिशाखाली हा एवढा डाग. विचारलं तर म्हणाले, ग्रीस असेल. मी म्हटलं, गोदामात बसून नटबोल्ट निवडणाऱ्याला ग्रीस कुठून लागतं? तर म्हणाले, फाटकावर लागलं असेल.

मग मी थेट फाटकावर गेले. रखवालदार म्हणाला, "मला फक्त सांभाळायला दिलंय, ताई."

"किती दिवस सांभाळताय?"

"दर शनिवारी सांभाळतो. बस आली की ट्रे घेतो, साहेबांची जेवणाची सुट्टी झाली की देतो."

"आणि तुम्हाला काय मिळतं त्यातलं?"

"एक कोपरा," म्हणाला. निदान खरं तरी बोलला.

मी तिथेच उभ्या उभ्या चाखून पाहिलं. दोन घास. खोटं कशाला लिहू, पाच-सहा झाले असतील. तुमच्या हाताला चव आहे, ते मी कधीच नाही म्हटलं नाही. तुमच्या माहेरी त्या पदार्थाला नावसुद्धा नाही, नुसतं 'शनिवारचं'. खाली बटाटा, मधे खिमा, वर परत बटाटा, त्यावर साय, सायीवर चीज, चीजवर लोणी, आणि वरची साल लाल होऊन तडकेपर्यंत ओव्हनमध्ये. सासूबाई करायच्या, त्यांच्यामागे तुम्ही करता. आठवडाभर अंगात कितीही थकवा असो, शनिवारचं खाल्लं की माणूस माणसात येतो. ते मलाही मान्य.

पण आता माझं ऐका. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात यार्डाचा डॉक्टर यांना तपासणार. वजन, रक्त, दाब, आणि शेवटी क्रेनची शिडी चढायला लावणार. पास झाले तर परत वर, आपल्या केबिनमध्ये. नापास झाले तर गोदाम कायमचं. तिथले लोक यांना आता 'जमिनीवरचे' म्हणून हाक मारतात. हे हसतात, घरी येऊन बूट काढत नाहीत, तसेच बसून राहतात. आयुष्यभर वर बसलेला माणूस आहे, वन्सं. खाली त्यांना श्वास घेता येत नाही.

हे झालं नोकरीचं. दवाखान्यातला डॉक्टर त्यापुढे जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही.

तेव्हा शनिवारचा ट्रे बंद. मी विनंती करत नाही, सांगते आहे.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये तुम्ही चार लोकांत म्हणालात, "आमच्या आईच्या हातचं खाऊन तो पन्नाशीला आला, तुझ्या हातचं खाऊन इथं पोचला." मी त्यावर काय म्हणाले तेही मला आठवतं, आणि मी ते मागे घेत नाही.

तुमची भावजय


सोमवार, ११ मार्च

वन्सं,

तुम्ही ट्रे बंद केला नाहीत. उलट या वेळी फाटकावर न पाठवता सरळ आमच्या दाराशी पाठवलात. बरं केलंत. ताकाला जाऊन भांडं लपवणं मलाही आवडत नाही.

आता शनिवारी काय झालं ते ऐका.

मी स्वतः शनिवारचं केलं होतं. हो, मी. लाँड्रीतून लवकर निघाले, मुकादम कुरकुरला, कुरकुरू दे. बटाटा काढून टाकला, त्याऐवजी फ्लॉवर उकडून ठेचला. खिमा कोंबडीचा, तोही उकडून. साय नाही, चीज नाही, लोणी तर नाहीच. वर थोडं साय काढलेलं दूध फिरवलं आणि ट्रे ओव्हनमध्ये ढकलला. माझ्या मते सोपं होतं. जे वाईट ते काढून टाकायचं, उरेल ते खायचं. चादरीतला डाग काढताना असंच करतात.

यांनी ताटाकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"शनिवारचं."

"हे सोमवारचंसुद्धा नाही."

तेवढ्यात बेल वाजली आणि बसवाला तुमचा ट्रे घेऊन दारात. मुहूर्त साधावा तर तुम्हीच. टेबलावर दोन ट्रे. एक लाल, चरचरणारा. दुसरा ओल्या भिंतीसारखा. यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मी म्हटलं, "हात लावून बघा." तर म्हणाले, "अगं, मी बघतच होतो." मी तुमचा ट्रे उचलला आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे दिला. त्याच्या घरात खाणारी तोंडं बरीच आहेत, क्षणात साफ झाला. शिंपी वर येऊन म्हणतो, पुढच्या शनिवारी पण का? त्याला म्हटलं, तुमची शिवणाची मशीन बघा.

परत आले तर हे खुर्चीत नव्हते. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. उपाशी. माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं.

मी हरलेले नाही. पण एक सांगते, ते फ्लॉवरचं मी एकटीने खाल्लं आणि मलाही ते गिळवेना.

भांडं रिकामं पाठवायची पद्धत नाही, म्हणून त्यातलाच एक तुकडा तुमच्या ट्रेमध्ये ठेवला आहे. खा, आणि काय चुकलं ते सांगा. शिव्या दिल्यात तरी चालतील, त्यात एखादी कामाची गोष्ट असेल.

भावजय


रविवार, २४ मार्च

वन्सं,

तुमचा निरोप मिळाला. बसवाल्याने अगदी तुमच्या आवाजात सांगितला. "हे पोटात घालायचं की भिंतीला लावायचं?" मी हसले. खरंच हसले, त्याला वाटलं मी रागावले.

मग मी म्हटलं, "आणि चुकलं काय, ते?"

"त्या म्हणाल्या, लोणी घाला. दुसरं काही चुकलं नाही."

वन्सं, नाकाने कांदे सोलू नका. लोणी घालून तर शिंप्याची बायकोसुद्धा करेल.

या दोन शनिवारी मी आणखी दोनदा केलं. एकदा अर्धा बटाटा, अर्धा फ्लॉवर. बरं झालं, पण वरची साल धरली नाही. दुसऱ्यांदा तेलाचा थेंब देऊन पाहिला, तर साल काळी झाली आणि आतलं पाणी सुटलं. तुमच्या भावाला सालच हवी असते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. चमच्याने टकटक करून बघतात. आवाज आला तर खातात. माझ्या ट्रेमधून आवाज येत नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. हे आता जेवतच नाहीत. मला वाटलं होतं, वजन उतरतंय, छान. पँट कमरेवर राहीना, मी शिंप्याकडून आत घेऊन आणली, मनातल्या मनात खूश. मग परवा आम्ही आमच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, हे बारीक होणं नाही, हे खंगणं आहे. अशा अंगाने शिडी चढलात तर मधेच हात सुटेल.

घरी येताना हे रस्त्यात थांबले. पानं गळालेल्या एका झाडाला टेकून उभे. मला म्हणतात, तू पुढे हो. मी पुढे झाले नाही. चपलेत खडा गेल्यासारखं केलं आणि तिथेच उभी राहिले. तो खडा काढायला मी बराच वेळ लावला.

म्हणजे आता असं आहे. तुमचं खाल्लं तर रक्त बिघडणार. माझं खात नाहीत म्हणून अंग चाललंय. दोघी मिळून आपण त्यांना व्यवस्थित संपवतोय. तुम्ही मला पाण्यात बघता, बघा. पण मला एवढंच सांगा, साल कशी धरायची? लोण्याशिवाय. सासूबाई काहीतरी करत असतील. तुम्ही थोरल्या, त्यांच्या हाताखाली तुम्हीच वाढलात. मी या घरात आले तेव्हा लोणी होतंच, त्याच्या आधीचं मला माहीत नाही.

हे पत्र लिहिताना खाडाखोड फार झाली. परत लिहायला वेळ नाही, उद्या सकाळची पाळी आहे.

भावजय


सोमवार, १ एप्रिल

वन्सं,

ट्रे आला.

फडकं सोडल्यावर पहिल्यांदा मला वाटलं, तुम्ही चेष्टा करताय. चकाकी नाही, चीजचे धागे नाहीत. वर नुसता पावाचा चुरा, तपकिरी. ट्रे हातात धरला तर हलका. मी म्हटलं, बघा, वन्संनी अर्धाच पाठवलाय.

यांनी चमचा घेतला आणि टकटक केली. आवाज आला.

मग एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. मी म्हटलं, आता काय झालं, मीठ कमी आहे का? तर म्हणाले, "हे वाईट दिवसांतलं आहे."

"कसले वाईट दिवस?"

वन्सं, इतकी वर्षं मी या माणसाच्या घरात आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुमचे वडील अंथरुणाला खिळले होते, सासूबाई लोकांची धुणी करायच्या, आणि तुम्ही खाटकाच्या मागच्या दारी उभं राहून हाडं मागून आणायचात. शाळेतल्या मुली त्याच गल्लीतून जायच्या. तुम्ही पिशवी पाठीमागे धरायचात आणि भिंतीवरची जाहिरात वाचल्यासारखं करायचात. सासूबाई ती हाडं उकळायच्या, पाणी गार झालं की वर थिजलेली चरबी काढून वेगळी ठेवायच्या, आणि त्या पाण्यात बटाटा ठेचायच्या. साय कुठून आणणार. वर शिळ्या पावाचा चुरा.

मग तुम्हाला मोज्यांच्या कारखान्यात काम लागलं आणि पहिल्या पगाराच्या दिवशी तुम्ही लोण्याचा गोळा आणून टेबलावर ठेवलात. म्हणालात, "आता या घरात कोरडं शिजणार नाही." सासूबाई रडल्या म्हणे. हे तेव्हा लहान होते, टेबलाच्या पायाला धरून उभे.

हे सगळं सांगताना ते खात होते. घास, बोलणं, घास, बोलणं. मी मधे शब्द काढला नाही. मी शब्द काढला नाही, हे तुम्ही एकदा परत वाचा.

ट्रेचा निम्मा भाग संपल्यावर म्हणाले, "मला खरं तर हेच जास्त आवडायचं."

मी म्हटलं, "मग कधी बोलला का नाहीत?"

"ताईला काय वाटलं असतं? तिने लोणी आणलं होतं."

मला म्हणाले, हे ताईला सांगू नकोस. मी सांगते आहे. माझ्या तोंडाला कुलूप नाही, आणि हे तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. इतकी वर्षं तुम्ही लोणी वाढत गेलात, आपल्या भावाला परत कोरडं खायची वेळ येऊ नये म्हणून, आणि हे खात गेले, आपल्या बहिणीला वाईट वाटू नये म्हणून. काय म्हणावं तुम्हा दोघांना.

मी तुम्हाला म्हणत होते, लोणी बंद करा, लोणी बंद करा. तुम्हाला ते कसं ऐकू येत असेल ते मला आता कळलं. म्हणून मी काही माफी मागत नाहीये. लोणी तरी बंदच करायचं होतं. पण मला माहीत असतं तर मी जरा हळू बोलले असते. थोडंसं हळू.

हा ट्रे करताना तुम्हाला कसं वाटलं असेल, ते मी विचारत नाही. तुम्ही सांगणारही नाही.

कामाचं लिहिते. हाडं मी आमच्या कोपऱ्यावरच्या खाटकाकडून आणली. पुढच्या दारातून गेले आणि मोठ्याने मागितली, दुकानभर ऐकू जाईल अशी. चरबी काढायचं जमलं, बटाटा जमला. चुरा जमला, ओव्हनच्या वरच्या कप्प्यात शेवटी ठेवला की तडकतो. पण कांदा जमत नाही. तुमच्या खिम्यात तो कांदा तुपकट लागतो आणि त्यात तेल दिसत नाही. माझा करपतो. बसवाल्याला विचारून घेतलं नाही, तो मीठ-मसाला लावून सांगेल. तुम्हीच सांगा.

ट्रेमध्ये माझा तुकडा ठेवला आहे. भिंतीला लावू नका.

भावजय


गुरुवार, ११ एप्रिल

वन्सं,

कोरड्या कढईत कांदा, मंद आच, चिकटायला लागला की पाण्याचा शिंतोडा, परत चिकटला की परत शिंतोडा, आणि मधे कुठेही जायचं नाही. एवढंच होतं तर. मी मधे चादरी वाळत घालायला जात होते.

तुमचा निरोप बसवाल्याने दारातूनच ओरडून सांगितला, सगळ्या जिन्याने ऐकला. शिंप्याच्या बायकोने पण कांदा टाकलाय म्हणे.

शनिवारी जमलं. मंगळवारी परत केलं, म्हटलं शनिवारचीच वाट कशाला बघायची. यांनी दोन्ही वेळा कोपरा खरवडून खाल्ला. पँट परत उसवून घ्यावी लागेल असं शिंपी म्हणतो, मी म्हटलं थांबा, इतक्यात नको. संध्याकाळी आम्ही जिना चढून गच्चीपर्यंत जातो. आधी मधल्या प्रत्येक मजल्यावर थांबायचे, आता एकाच. तिथे थांबून शेजाऱ्यांच्या दारावरची नावं वाचतात. मी म्हणते, पाठ झाली असतील आता. म्हणतात, कुणी बदललं तर कळायला नको का?

तपासणी पुढच्या गुरुवारी आहे. मला काळजी वगैरे नाही. मी ठणठणीत आहे, झोपते छान. काल फक्त एक टेबलाचं कापड जाळलं, इतक्या वर्षांत पहिलं. मुकादम काही बोलला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तुमच्या गुडघ्यांचं बसवाला म्हणत होता. त्याबद्दल नंतर. एका वेळी एकच माणूस.

भावजय


सोमवार, २२ एप्रिल

वन्सं,

यांनी तुम्हाला सांगितलं असेलच, पण ते स्वतःचं कौतुक वगळून सांगतात, म्हणून मी सांगते.

मी अर्धी रजा टाकून फाटकाशी उभी होते. यांना माहीत नव्हतं. रखवालदाराने खुर्ची दिली, मी बसले नाही. रक्त आणि दाब आतल्या आत झालं, ते दिसत नव्हतं. मग सगळे बाहेर आले आणि हे शिडीशी गेले. हातमोजे घातले, काढले, परत घातले.

चढायला लागले. न थांबता नाही चढले. जिथे शिडी वळते तिथे थांबले. खालून डॉक्टर ओरडला, "काय झालं?" रखवालदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, वर बघा.

वरून हे म्हणाले, "काही नाही. बऱ्याच दिवसांनी सगळं दिसतंय, बघतोय."

डॉक्टर हसला की नाही मला दिसलं नाही. हे पुढे चढले आणि केबिनचं दार उघडून आत गेले. मग क्रेनचा हात हळूच एकीकडून दुसरीकडे फिरला, काही उचलायचं नव्हतं तरी.

सहा महिन्यांसाठी पास केलंय. सहा महिन्यांनी परत रक्त, परत शिडी. म्हणजे आपलं काम संपलेलं नाही, उलट आता लागलं.

आता मुद्द्याचं. शनिवारी यांनी गोदामातून शेवटचं सामान उचललं आणि फाटकावरच्या केबिनमधून तुम्हाला फोन केला. मला अंधारात ठेवून. म्हणे, पास झालो, आज एक दिवस तरी लोण्याचं पाठव, जुनं, साग्रसंगीत. हे मला रखवालदाराने सांगितलं. ट्रेच्या एका कोपऱ्यावर तो माझा माणूस झाला आहे.

आणि तुम्ही म्हणालात, "बायकोला विचार."

वन्सं, तुम्ही मला इतकी वर्षं 'ती' म्हणायचात. फार झालं तर 'तुझ्या घरची'. मी ते वाक्य रखवालदाराला परत म्हणायला लावलं. नक्की असंच म्हणाल्या? म्हणे, नक्की, साहेबांचा चेहरा बघायला हवा होता.

तर हे घरी आले. हातपाय धुतले, टेबलाशी बसले, मीठदाणी इकडची तिकडे केली. मी ट्रे काढला. तुमच्या आईच्या रीतीचा. यांनी टकटक केली, आवाज आला, तरी खाईनात. मग म्हणाले, "अगं, आज जरासं लोणी वर लावलं तर? बोटाएवढं. आजच्या दिवस."

माझ्या ओठांवर 'नाही' आलं होतं, वन्सं. दोन महिने दुसरा शब्दच नव्हता माझ्याकडे. पण मी चमचा पुसला, त्यांच्या हातात दिला, आणि म्हटलं, "मला काय विचारता? ताईंना विचारा."

त्या दिवशी त्यांनी तसंच खाल्लं, पण येत्या शनिवारसाठी यांचा फोन येईल. उचला, आणि नीट गंभीर आवाजात बोला, हसलात तर सगळं फुकट जाईल.

तुमची भावजय